बाच्या तीन हाका

आमच्या बाला तिरकमठा धरता येत होता, पण मारता येत नव्हता. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि बालाही ठाऊक होतं. तरी पावसाळा सरून भाताच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागल्या, डोंगरातली डुकरं शेतात उतरायला लागली, की राखणीचा म्होरक्या म्हणून गाव बालाच पुढं करायचं. गावात नेमबाज बरेच होते, पण जिवाला भिणारा माणूस बाएवढा दुसरा नव्हता. अंधुक उजेडात दहा-बारा माणसं हातात तीर घेऊन झाडाझाडांवर बसणार असतील, तर त्यांच्यावर असा भित्राच माणूस नेमावा, एवढी अक्कल आमच्या गावाला तेव्हा होती. आता त्याच शेतांवर जुईनगरच्या इमारती उभ्या आहेत. मी त्यातल्याच एकीच्या सातव्या मजल्यावर राहते, आणि सोसायटीच्या कमिटीवर कुणाकुणाला घेतात ते बघितलं की ती अक्कल कुठल्या पायाखाली गाडली गेली असा प्रश्न पडतो.

बाची भीती काही हवेतून आलेली नव्हती. लग्नाआधी तो एकदा काळी कांबळ पांघरून बांधावर ओणवा झाला होता आणि चिंबोरीचं बीळ उकरत होता. शेजारच्या शेतातल्या राखणदाराला वाटलं डुक्कर, आणि त्यानं तीर सोडला. तो बाला नेमका कुठं लागला हे आई आम्हाला कधी नीट सांगायची नाही, पदर तोंडाला लावून हसायची. पण तो महिनाभर बा उभ्यानं जेवला आणि पालथा झोपला. त्याच महिन्यात तो आईला बघायला गेला, तर पाटावर बसायलाच तयार होईना. माझ्या आजोबांना वाटलं, पोरगा किती मर्यादशील, मोठ्यांसमोर बसत नाही. तेवढ्यावर सोयरीक जमली. म्हणजे आम्ही भावंडं या जगात आहोत ती एका चुकलेल्या तिरामुळे, आणि हे बा अभिमानानं सांगायचा, आई सांगू द्यायची नाही.

तर त्या दिवसापासून बाला नियमांचं वेड लागलं. कोजागरी जवळ आली की तो संध्याकाळी सगळ्या राखणदारांना आमच्या अंगणात बसवायचा आणि पाठ घ्यायचा, अगदी शाळेतल्यासारखा. तिरांची टोकं केळीच्या सोटाच्या तुकड्यात खुपसून ठेवायची, उघडा तीर कुणी हातात घेऊन चालायचं नाही. झाडावरच्या माळ्यावर चढताना तिरकमठा खाली ठेवायचा, आधी आपण चढायचं आणि मग दोरीनं तो वर ओढून घ्यायचा. वर गेल्यावर मासेमारीच्या जाळ्याची जाड दोरी कमरेला बांधून ती फांदीला अडकवायची, म्हणजे डुलकी लागली तरी माणूस खाली येत नाही. काळी कांबळ घ्यायची नाही. डोक्याला बायकोच्या लाल लुगड्याची पट्टी बांधायची, कारण देवानं लाल डोक्याचं डुक्कर अजून घडवलेलं नाही. दरवर्षी आश्विनात गावातल्या बायकांच्या लुगड्यांना गळती लागायची. आई म्हणायची, डुकरानं खाल्लेलं भात परवडलं, तुझ्या बाचे नियम परवडत नाहीत.

पण सगळ्यात मोठा नियम होता तीन हाकांचा. झुडपात काही हललं की लगेच तीर सोडायचा नाही. आधी विचारायचं, "कोन हाय? मानूस असशील तर बोल." असं तीनदा. माणूस असला तर तो म्हणेल, "मानूस हाय." डुक्कर असलं तर ते काही म्हणणार नाही. तिसऱ्या हाकेलाही उत्तर आलं नाही तर मग खुशाल मारा. हा नियम लागू झाल्यापासून गावात एकाही माणसाला तीर लागला नाही आणि एकाही डुकराला लागला नाही. तिरकमठे करून देणारा डोंगरावरच्या वाडीतला म्हातारा होता, तो दरवर्षी पोट धरून हसायचा. म्हणायचा, "आता डुकरांना पन कलला हाय. दोन हाका होईस्तवर खायाचा, तिसरीला निंगायचा." तो नव्या बांबूचा तिरकमठा बाच्या हातात द्यायचा तेव्हा अशा नजरेनं बघायचा, की जणू आपली मुलगी चुकीच्या घरात देतो आहे.

आमच्या घराला लागून, एकाच भिंतीच्या पलीकडं, माझ्या आत्याचं घर. सोनाआत्या बाची एकुलती एक बहीण, गावातच दिलेली. तिच्या नवऱ्याला आम्ही मुलं मामा म्हणायचो, आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मामा अंगानं आडवा, आवाजानं मोठा आणि खाण्याचा भारी शौकीन. शेतंही बांधाला बांध लावून. आणि या दोघा मेव्हण्या-मेव्हण्यांमध्ये सात वर्षं अबोला होता. कारण ऐकाल तर हसाल. माझ्या चुलतभावाच्या हळदीला मटणाची पंगत बसली होती आणि वाढायला बा होता. घरचा जावई म्हणून नळी आपल्या पानात पडणार असं मामा धरून चालला होता. बानं ती ठाण्याहून आलेल्या पाहुण्याच्या पानात घातली आणि मामाला मानेचा तुकडा वाढला. मामा भरल्या पानावरून उठला. म्हणाला, या मानसाशी पुन्यांदा बोललो तर आय एकवीरेची आन हाय. बाच्या हातात पळी होती, ती तशीच उंच धरून त्यानंही तीच आण घेतली. आता देवीची आण म्हटल्यावर पुढं कुणाचं काही चालेना.

पण शेताला शेत लागून असलं की बोलल्याशिवाय भागतं कुठं? पाणी कधी सोडायचं, बांध कुठं फुटला, पेरा कधी करायचा, सगळं सांगावं लागतंच. मग दोघांनी वाट काढली. दोन्ही घरांमध्ये मिळून एक कुत्रा होता, मोती नावाचा, भाकरी दोन्हीकडं खायचा. बा ओट्यावर उभा राहून मोतीला सांगायचा, "मोती, कुनाला कलवायचा असेल तर कलव, उद्या मी पानी सोडनार हाय." पलीकडून मामा म्हणायचा, "मोती, सांग त्याला, परवा सोड म्हनावा, माझा बांध ओला हाय." मोती मध्ये बसून शेपटी हलवायचा. गावातल्या शेतीची जेवढी माहिती त्या कुत्र्याला होती तेवढी तलाठ्यालाही नसेल. मोती हजर नसला तर निरोप न्यायला मी असायचे. "पोरी, त्याला सांग," हे तीन शब्द मी लहानपणी इतके ऐकले, की मला वाटायचं माझं पाळण्यातलं नावच ते आहे. दोघं समोरासमोर उभे, मी मध्ये, आणि दोघांचं बोलणं मी त्यांनाच परत ऐकवते आहे. त्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वावगं वाटायचं ते आत्याला. भाऊबीजेला ती पुढच्या दारानं येत नसे, मामाला दिसू नये म्हणून परसातून यायची. बा चुलीपाशी पाट टाकून बसायचा, ती घाईघाईनं ओवाळायची, आणि भावाला दोन शब्द धड बोलता येण्याआधी पलीकडून मामा खाकरला की ती ताट घेऊन पळायची. भिंतीच्या या बाजूला भाऊ, त्या बाजूला नवरा, आणि दोघांचेही आवाज फक्त कुत्र्याशी बोलणारे. ती हसरी होती, सगळ्यांची थट्टा करायची, पण एकदा जातं ओढताना ती मला म्हणाली, "माजी मानसं असून मी परकी झाले गं." मला तिचा फार लळा होता आणि त्या दोघांचा तेवढाच राग यायचा. पण राग गिळून मी निरोप नेत राहिले. सोळाव्या वर्षापर्यंत नेत राहिले.

त्या वर्षी भात चांगलं आलं होतं. आठवड्याभरात कापणी लागणार होती, म्हणजे डुकरांनाही घाई होती. पहाटेची राखण बाची होती. उजाडता उजाडता मी त्याची न्याहारी घेऊन निघायचे, तांदळाच्या भाकरी, जवळ्याची चटणी, डब्यात चहा आणि एका चंबूत पाणी. मोती भाकरीच्या वासानं माझ्या मागं मागं. पायाखाली गवत दवानं भिजलेलं, खाडीकडून मिठागरांवरचा खारट वारा, आणि लांब कुणीतरी पाखरांसाठी पत्र्याचा डबा बडवत असलेला. त्या दिवशीही मी अशीच बांधावरून चालले होते. डाव्या हाताला मामाचं शेत, उजव्या हाताला आमचं, पुढं आंब्यावर बाचा माळा. आणि माळ्याच्या अलीकडं करवंदीची मोठी जाळी.

त्या जाळीच्या मागं मला मामा दिसला. बाला दिसणार नाही, पण मला बाजूनं स्वच्छ दिसेल असा. तो तांब्या घेऊन बसला होता. आदल्या दिवशी त्याच्याकडं कसलंसं जेवण झालं होतं, आणि पोटानं इतकी घाई केली असावी की लाल पट्टी बांधायला वेळच झाला नव्हता. वर गारठा, म्हणून काळी कांबळ डोक्यावरून घेतलेली. मी चटकन मान वळवली. मोठ्या माणसाला अशा वेळी बघायचं नसतं, हाक तर मारायचीच नसते. पोरीच्या जातीनं त्या बाजूला कान असल्याचंही दाखवायचं नसतं. मी जागच्या जागी उभी राहिले आणि डोंगराकडं बघत बसले. तेवढ्यात जाळीतून कण्हल्यासारखा जड आवाज आला, जाळी हलली, आणि माळ्यावरून बाची हाक आली.

"कोन हाय? मानूस असशील तर बोल."

मला वाटलं, आता मामा बोलेल. तो बोलला नाही. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. मामानं मान वर केली होती, कांबळीतून त्याचं तोंड दिसत होतं आणि ते लालबुंद झालं होतं. हाक मारणारा कोण आहे ते त्यानं ओळखलं होतं. सात वर्षांची आण, त्यात देवीची, आणि आता या अवस्थेत ती मोडायची? दुसरी हाक आली. मामानं तोंड उघडलं, इकडं तिकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, "मोती." सवयच ती. मोती माझ्या पायाशी होता, भाकरीच्या फडक्याला नाक लावून. त्यानं कान हलवला आणि पुन्हा फडक्यात नाक घातलं. वर बा तीर ओढतो आहे हे मला बांबूच्या करकरीवरून कळलं. मी ओरडायला हवं होतं. माझ्या तोंडाला लाजेनं कुलूप लागलं होतं. आज एवढी वर्षं झाली, हा किस्सा सांगताना सगळे हसतात, मीही हसते, पण ते कुलूप आठवलं की माझं हसू मध्येच थांबतं. बाचा नियम चोख होता. फक्त माणूस असूनही माणूस बोलणार नाही, हे त्यात कुठं धरलेलं नव्हतं.

तिसरी हाक झाली. तेव्हा मी किंचाळले, "बा, मामा हाय तो," आणि त्याच क्षणी तीर सुटला.

टण्णदिशी आवाज झाला. बा आयुष्यभर ज्याला मारायला गेला ते त्याला कधी लागलं नाही, त्या दिवशी त्यानं न बघता मामाचा तांब्या टिपला. पितळेला खोल पोचा पडला, तांब्या उडाला, पाणी सगळं करवंदीला. मामा कांबळ आवळत उभा राहिला. बानं त्याला बघितलं, हातातला तिरकमठा टाकला, आणि धावत त्याच्याकडं जायचं म्हणून थेट माळ्यावरून उडी मारली. कमरेला दोरी आहे हे तो विसरला. ती जाळ्याची दोरी होती, ती कशाला तुटते. बा जमिनीपासून हातभर वर येऊन अडकला आणि डोकं खाली, पाय वर असा गोल गोल फिरायला लागला.

मी धावत गेले. दोरी वर फांदीला, गाठ बाच्या पाठीमागं, त्याच्या भारानं घट्ट बसलेली, ती मला सुटेना आणि बाचं वजन मला पेलेना. मामा जाळीपाशी उभा, त्याला पाणी हवं. पाणी माझ्या चंबूत. बाला सुटका हवी, तेवढी ताकद फक्त मामाच्या अंगात. आणि आता ऐका. मामा बाच्याकडं न बघता म्हणाला, "पोरी, त्याला इचार, जीव घ्यायला बसलास काय?" बा फिरता फिरता म्हणाला, "पोरी, त्याला सांग, आधी मना सोडव, मग काय त्ये बोल."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी चंबू बांधावर ठेवला, फडकं सोडलं आणि खाली बसले.

"मी नाय सांगनार," मी म्हटलं. "मोतीला सांगा. आत्ता मेला असता तर यमाला पन मोतीकडूनच निरोप धाडला असता तुमी. माजी आत्या विधवा झाली असती, ती पन भावाच्या हातून, आनि तुमी दोगं देवीची आन पालत बसलाव." मग मी भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. दुसरा मोतीला घातला.

दोरी करकरत होती. आमच्या शेतातून तेवढ्यात एक डुकरीण चार पिल्लं घेऊन बाहेर पडली, तोंडात लोंब्या, बांध ओलांडताना आमच्याकडं एकदा बघितलं आणि सावकाश डोंगराच्या वाटेला लागली. तिला कुणी हाक मारली नाही. मी बाच्याकडं बघितलं तर तो रडत होता. उलटा लटकलेला माणूस रडला की पाणी कपाळावरून केसांत जातं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याला हुंदका आला, तसा तो परत एक गिरकी खाऊन मामासमोर आला.

"दाजी," बा म्हणाला, "लागला तर नाय ना रं तुला?"

मामानं नाक ओढलं. पोचा पडलेला तांब्या उचलून उलटसुलट करून बघितला. मग म्हणाला, "नाय. तांब्याला लागला." आणि थोड्या वेळानं, "तुजा पोट आवलला काय दोरीनं?"

"आवलला हाय."

"दम धर जरा. आदी मना पानी घेऊ दे."

मी चंबू पुढं सरकवला आणि पाठ फिरवून बसले. मामा तो घेऊन जाळीमागं गेला. बा तसाच लटकलेला. आणि सात वर्षांनंतर त्या दोघांचं पहिलं बोलणं झालं ते असं, एक जाळीमागं आणि एक अधांतरी. बा म्हणाला लवकर आटप. मामा म्हणाला, सात वरसं थांबलास, आता घाई करू नको. बा म्हणाला, लाल पट्टी का नव्हती बांधली? मामा म्हणाला, त्या वेळी पट्टी बांधत बसलो असतो तर धोतर वाचला नसता. मग आणेचं काय, असा प्रश्न निघाला. बाचं म्हणणं, जमिनीला पाय टेकलेले नसताना बोललेलं देवी धरत नाही. मामाचं म्हणणं, मी पहिला बोललोच नाही, तूच हाक मारलीस, तीही तीनदा. एक कोंबडा देऊन प्रकरण मिटवावं आणि तो अर्धा अर्धा करावा, इथवर आल्यावर मामा जाळीतून बाहेर आला आणि त्यानं बाला भाताच्या भाऱ्यासारखं खांद्यावर घेऊन गाठ सोडली.

पाय टेकल्यावर त्यांना आवरणं कठीण झालं. सात वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं, बांध कुणी सरकवला, पाणी कुणी चोरलं, मोतीला निरोप देताना कुणी शिवी घातली. मोठमोठ्यानं हातवारे करत दोघं बांधावरून घराकडं निघाले. मी न्याहारीची भांडी उचलली आणि त्यांच्या पुढं पळत सुटले.

आत्या घरात भाकऱ्या करत होती. आरडाओरडा ऐकून ती पिठाच्या हातांनी तशीच ओट्यावर आली.

"कोन मेला गं?"

"कोनी नाय," मी म्हटलं. "भांडतायत."

"कोनाशी?"

"एकमेकांशी."

ती एकदम खाली बसली. मी धापा टाकत तिला सगळं सांगायला लागले, तीर, तांब्या, दोरी, बा कसा फिरत होता ते. शेतातून ते दोन आवाज जवळ जवळ येत होते, एक बोलायचा आणि दुसरा लगेच त्यावर. आत्यानं आपला पिठाचा हात माझ्या तोंडावर ठेवला.

"गप जरा," ती म्हणाली. "मना आयकू दे."

घरात तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला. ती उठली नाही.